गूढ प्राण्यांचा शोध

गूढ प्राण्यांचा शोध : लोककथा, प्रवासवृत्ते किंवा एखाद-दुसरी जुनी नोंद यांतून ज्यांचा उल्लेख आढळतो, परंतु ज्यांचे अस्तित्व प्राणिविज्ञानाने मान्य केलेले नाही अथवा जे नामशेष झाले असे समजले जाते, अशा प्राण्यांचा दुर्गम प्रदेशांत घेतला जाणारा शोध. अशा प्राण्यांत वानरसदृश, केसाळ व दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्यांनी लोकांचे कुतूहल सर्वाधिक जागविले आहे. हिमालयातील हिममानव किंवा यती, उत्तर अमेरिकेतील बिगफूट किंवा सॅस्क्वॉच व मेघालयातील गारो टेकड्यांतील मांदे बुरुंग ही त्यांची परिचित उदाहरणे होत. महाराष्ट्रात या शोधाशी तुलना करता येईल असे उदाहरण वऱ्हाडच्या उत्तर सीमेवरील मेळघाटच्या जंगलाशी निगडित आहे. तेथील वनपिंगळा हे छोटे घुबड शंभराहून अधिक वर्षे कोणत्याही प्राणिशास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडलेले नव्हते. वानरमानवाच्या शोधातून आजवर एकही नमुना हाती आला नाही. वनपिंगळा मात्र ११३ वर्षांनी पुन्हा सापडला. दोन्ही शोधांत जंगले दुर्गम होती व माणसे चिकाटीची होती. त्यांच्या फलितांतील फरकाचे मूळ पुराव्याच्या स्वरूपात आहे.

कथा व दावा : अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळ्याचा परिसर सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत मोडतात. बैराट (१,१७८ मी.) हे या रांगेतील सर्वोच्च ठिकाण होय. सिपना, खापरा, खंडू, गडगा व डोलार या नद्या येथूनच तापीस जाऊन मिळतात. सागाच्या पानझडी अरण्याने व्यापलेल्या या मुलखात कोरकू लोकांची वस्ती असून त्यांची भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुलाच्या मुंडा शाखेतील आहे. अशा प्रदेशात अद्‌भुत कथांना तोटा नसतो. भीमाने कीचकाचा वध करून त्याचे प्रेत चिखलदऱ्याच्या खोल दरीत फेकले व जवळच्या कुंडात हात धुतले, अशी कथा तेथे सांगतात. त्यावरूनच भीमकुंड हे नाव पडले व ‘कीचकदरा’ या शब्दापासून चिखलदरा हे नाव आले, असे मानले जाते. निर्जन सातपुड्यात वस्ती व्हावी अशी विनंती रावणाने महादेवाला केली व महादेवाने वारुळाच्या तांबड्या मातीतून पहिले स्त्री-पुरुष घडविले, अशी कोरकूंची उत्पत्तिकथा विसाव्या शतकाच्या प्रारंभीच नोंदविली गेली आहे.

अशा कथांचा खरेखोटेपणा हाडे किंवा केस तपासून ठरवावयाचा नसतो. त्या स्थळाला अर्थ देतात, समाजाचे त्याच्या भूमीशी असलेले नाते सांगतात. याउलट ‘या डोंगरात आजही अमुक प्राणी राहतो’ हे विधान प्राणिविज्ञानाच्या कक्षेत येणारा दावा होय व त्याला पुरावा लागतो. गूढ प्राण्यांविषयीचा बराचसा गोंधळ पहिल्या प्रकारच्या कथेला दुसऱ्या प्रकारचा दावा समजल्यामुळे झाला आहे. हिममानवाचा इतिहास याची साक्ष देतो.

हिममानवाचा शोध : नेपाळमधील ब्रिटिश प्रतिनिधी ब्रायन हॉटन हॉजसन यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, आपले शिकारी एका ताठ चालणाऱ्या केसाळ प्राण्याला पाहून घाबरून पळाल्याचा उल्लेख आहे. हॉजसन यांना तो प्राणी ओरँगउटान असावा असे वाटले. एल्. ए. वॉडेल यांना १८८९ मध्ये सिक्कीममध्ये बर्फातील मोठे ठसे दिसले. ते अस्वलाचे असावेत असे त्यांचे मत झाले. १९२१ मध्ये एव्हरेस्टच्या पाहणीसाठी गेलेल्या तुकडीचे नेते चार्ल्स हॉवर्ड-बरी यांनी ल्हाक्पा ला या खिंडीजवळ पाहिलेले ठसे लांडग्याचे असावेत असे नमूद केले होते. तथापि त्यांच्याबरोबरच्या हमालांनी सांगितलेल्या नावाचे कलकत्त्याच्या एका पत्रकाराने चुकीचे भाषांतर केले व त्यातून ‘किळसवाणा हिममानव’ अशा अर्थाची इंग्रजी संज्ञा जगभर रूढ झाली. ठसे पाहणाऱ्याचे सावध मत मागे पडून वृत्तपत्रातील नाव टिकले, ही या विषयातील पहिली लक्षणीय घटना होय.

१९५१ मध्ये एरिक शिप्टन व मायकेल वॉर्ड यांनी मेनलुंग हिमनदीवर एका मोठ्या ठशाचे छायाचित्र घेतले. त्यानंतर शोधमोहिमांची एक मालिकाच सुरू झाली. लंडनच्या ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने १९५४ मध्ये मोहीम पाठविली. अमेरिकेतील तेलउद्योजक टॉम स्लिक यांनी १९५७ ते १९५९ या काळातील मोहिमांना द्रव्यसाहाय्य केले. एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी यांच्या १९६०-६१ च्या मोहिमेने या प्रश्नाची अधिक पद्धतशीर तपासणी केली. खुमजुंग येथील गोम्पात यतीचे म्हणून जतन केलेले शिरस्त्राणासारखे टाळूचे कातडे गावकऱ्यांच्या संमतीने व गावातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांसह शिकागो, पॅरिस व लंडन येथे नेण्यात आले. ते सेरो या शेळीसारख्या हिमालयीन प्राण्याचे कातडे साच्यावर ओढून बनविलेले असल्याचा निष्कर्ष निघाला. शेर्पा लोकांच्या दृष्टीने ती धार्मिक विधीतील वस्तू होती. तिला प्राणिशास्त्रीय नमुन्याचे रूप बाहेरून आलेल्या शोधकांनी दिले.

अलीकडच्या काळात डीएनए परीक्षणामुळे अशा अवशेषांची निश्चित ओळख पटविणे शक्य झाले. पांगबोचे येथील गोम्पातील ‘यतीच्या हाता’चे बोट मानवी असल्याचे २०११ मध्ये स्पष्ट झाले. ब्रायन साइक्स यांनी २०१४ मध्ये गूढ वानरांचे म्हणून निरनिराळ्या देशांतून मिळालेले केस तपासले, तेव्हा ते अस्वल, घोडा, गाय, कुत्रा इ. परिचित प्राण्यांचे निघाले. त्यांपैकी हिमालयातील दोन नमुने प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळतात हा त्यांचा निष्कर्षही पुढे इतर संशोधकांनी दुरुस्त केला. ते नमुने हिमालयातील तपकिरी अस्वलाचे ठरले. शार्लट लिंडक्विस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये यतीचे मानलेले नऊ अवशेष अभ्यासले. त्यांपैकी आठ अस्वलांचे व एक कुत्र्याचा होता. मांदे बुरुंगचे म्हणून २००८ मध्ये तपासलेले केस गोरल या प्राण्याचे असल्याचे आढळले. एप्रिल २०१९ मध्ये मकालू तळछावणीजवळील ठशांची छायाचित्रे भारतीय सेनेने प्रसृत केल्यावर हा विषय पुन्हा चर्चेत आला. परंतु ठशांपलीकडे काही हाती लागले नाही.

ठशांचा पुरावा फसवा का असतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. उन्हाने बर्फ वितळते तेव्हा ठशाच्या कडा पसरतात व लहान ठसा मोठा दिसू लागतो. चालताना अस्वलाचे मागचे पाऊल पुष्कळदा पुढच्या पावलाच्या ठशावर पडते आणि दोन्ही मिळून एक लांबट ठसा तयार होतो. अस्वल पूर्ण तळपाय टेकून चालत असल्यामुळे त्याच्या मागच्या पावलाचा ठसा माणसाच्या पावलासारखा भासतो. वऱ्हाडातील वाचकाला याच्या पडताळ्यासाठी हिमालयात जाण्याची आवश्यकता नाही. मेळघाटात आढळणारे आळशी अस्वल बिथरले असता किंवा वास घेण्यासाठी मागच्या पायांवर उभे राहते. अंधुक प्रकाशात, मोहाची फुले वेचावयास गेलेल्या माणसाला असे अस्वल अवचित सामोरे आले, तर काळी, केसाळ, उभी मानवाकृती पाहिल्याचा त्याला होणारा भास अप्रामाणिक म्हणता येणार नाही. पाहणारा खरे बोलत असतो; चूक ओळख पटविण्यात होते.

वानरमानवाच्या पुष्ट्यर्थ जायगँटोपिथेकस या नामशेष महाकाय कपीचा दाखला देण्यात येतो. जी. एच्. आर्. फोन केनिग्जवाल्ट यांना १९३५ मध्ये हाँगकाँगमधील औषधांच्या दुकानात मिळालेल्या दातावरून या प्रजातीचा शोध लागला. तिचे अवशेष मुख्यत्वे दक्षिण चीनमधील गुहांत सापडतात. २०१९ मध्ये दाताच्या कवचातील प्रथिनांच्या अभ्यासावरून तिचे जवळचे नाते ओरँगउटानशी असल्याचे दिसून आले, तर २०२४ मधील संशोधनानुसार ती दोन लाखांहून अधिक वर्षांपूर्वी नष्ट झाली. घनदाट अरण्यावर अवलंबून असणारा हा कपी हिमरेषेवर तगून राहिला असेल, असे मानण्यास आधार नाही.

अज्ञात माकडाचा शोध : याचा अर्थ दुर्गम प्रदेशात नवे काही सापडतच नाही, असा नव्हे. पर्वतीय गोरिला विज्ञानाला १९०२ मध्ये ज्ञात झाला. भारतातही अरुणाचल प्रदेशातील तवांग भागात सु. २,००० ते ३,५०० मी. उंचीवर राहणाऱ्या माकडाच्या एका प्रजातीचे वर्णन २००५ मध्ये प्रथम करण्यात आले. मकाका मुंझाला हे तिचे शास्त्रीय नाव स्थानिक मोन्पा लोकांच्या ‘रानातले माकड’ अशा अर्थाच्या शब्दांवरून देण्यात आले आहे. मोन्पा लोकांना ते अगोदरपासून माहीत होते. ते पिकांची नासधूस करी व म्हणून मारलेही जाई. संशोधकांना ते कळपांनी दिसले, त्याची छायाचित्रे घेता आली व इतर माकडांशी तुलना करता आली. खरा प्राणी असेल तर त्याची प्रजा, त्याचे खाणे, त्याची विष्ठा व त्याची हाडे यांचा माग कोठे ना कोठे लागतोच. कोणतीही प्रजाती एकट्या जीवाच्या रूपाने शतकानुशतके टिकत नाही.

वनपिंगळा : (शास्त्रीय नाव हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानुसार त्याचा समावेश अथेनी या प्रजातीत करणे योग्य ठरते). यास रानपिंगळा असेही म्हणतात. सु. २३ सेंमी. लांबीचे हे घुबड गावाजवळच्या झाडांवर नेहमी दिसणाऱ्या ठिपकेदार पिंगळ्यासारखे असल्याने सहज चकवा देते. तथापि त्याचा माथा जवळजवळ ठिपक्यांविना असतो, छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग पांढरा, पंख व शेपटी यांवर रुंद पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसे आणि नखे आकारमानाने मोठी असतात. तो दिवसाही शिकार करतो. थंडीच्या दिवसांत सकाळी तो निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसलेला दिसतो व उत्तेजित झाला म्हणजे शेपटी झपाट्याने दोन्ही बाजूंस हलवितो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे इ. त्याचे भक्ष्य असून तो झाडाच्या ढोलीत घरटे करतो.

या पक्ष्याचा पहिला नमुना एफ्. आर्. ब्लेविट यांनी डिसेंबर १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगढमधील बसना-फुलझर भागात मिळविला व १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (१८२९–१९१२) यांनी त्याचे वर्णन करून ब्लेविट यांचे नाव त्यास दिले. १८७७ मध्ये भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल यांना ओडिशातील खरियार भागात दुसरा नमुना मिळाला. खानदेशात सनदी नोकरीत असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी शहाद्याच्या परिसरात १८८० ते १८८४ या काळात पाच नमुने गोळा केले. असे एकूण सात नमुने संग्रहालयांत पोहोचले व त्यानंतर या पक्ष्याविषयीचा विश्वासार्ह पुरावा थांबला. डॉ. सलीम अली व एस्. डिलन रिप्ली यांनी विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात केलेल्या प्रयत्नांना यश आले नाही. मधूनमधून प्रसिद्ध झालेली छायाचित्रे व निरीक्षणे ठिपकेदार पिंगळ्याची असल्याचे पुढे दिसून आले.

खोटा नमुना : या काळात एक नोंद मात्र निर्विवाद समजली जात होती. ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागन (१८७८–१९६७) यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर तो ऑक्टोबर १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळाल्याची चिठ्ठी होती. अमेरिकेच्या स्मिथ्सोनियन संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांना त्याविषयी शंका आली. नमुन्याच्या कातड्याची बारकाईने तपासणी केली असता त्यातील भरण बदललेले, पण मूळच्या शिवणीच्या व कातडे तयार करण्याच्या पद्धतीच्या खुणा शिल्लक राहिलेल्या आढळल्या. त्या पद्धतीवरून तो डेव्हिडसन यांच्या पाच नमुन्यांपैकीच एक असून ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून व खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला असल्याचे सिद्ध झाले. रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी हे संशोधन १९९९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. माइनर्ट्‌झहागन यांच्या संग्रहातील इतर अनेक नोंदीही अशाच बनावट असल्याचे आढळून आले.

या लबाडीचा परिणाम संग्रहालयापुरता राहिला नाही. पक्षी शेवटी कोठे व केव्हा होता याविषयीची माहितीच तिने चुकविली. नकाशावरील एक खोटे ठिकाण खऱ्या शोधकाला वर्षानुवर्षे भलत्या रानात हिंडवू शकते.

पुनर्शोध : बनावट नोंद बाजूस सारून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये केवळ खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग घेतला. पूर्वेकडील जुन्या ठिकाणी काही मिळाले नाही. पुढे २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे (१९९८ पासून नंदुरबार) जिल्ह्यातील सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या झाडावर बसलेला वनपिंगळा किंग यांच्या दृष्टीस पडला. त्याची छायाचित्रे व चलच्चित्रे घेण्यात आली. १८८४ नंतर ११३ वर्षांनी झालेल्या या दर्शनाने पक्ष्याचे अस्तित्व निर्विवाद ठरले.

मेळघाटातील पाहणी : पक्षी कसा दिसतो, कोठे बसतो व कसा ओरडतो हे एकदा कळल्यावर पुढील शोध सुकर झाला. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी केलेल्या पाहण्यांत तळोदा व तोरणमाळ, मध्य प्रदेशातील खकनार आणि मेळघाट येथे वनपिंगळे आढळले. पुढील अभ्यासांवरून मेळघाट हे त्याच्या महत्त्वाच्या आश्रयस्थानांपैकी एक असल्याचे स्पष्ट झाले. मेळघाट १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या राखीव क्षेत्रांपैकी एक म्हणून घोषित झाले होते व १९८७ मध्ये त्यातील गुगामल भागास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला होता. म्हणजे ज्या जंगलात वनरक्षक, संशोधक व पर्यटक पंचवीस वर्षे वावरत होते, तेथेच हा ‘नामशेष’ पक्षी सकाळच्या उन्हात उघड्यावर बसत होता. तो दडून राहिला होता असे म्हणण्यापेक्षा त्याला नेहमीचा पिंगळा समजून लोक पुढे जात होते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय. २०१४ मध्ये तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही आढळला.

शोधाचे निकष : वरील उदाहरणांवरून काही निकष सांगता येतात. पहिला, मूळ नोंदीत प्रत्यक्ष नमुना, स्थळ व तारीख असली पाहिजे. वनपिंगळ्याच्या बाबतीत सात खरे नमुने होते. हिममानवाच्या बाबतीत तपासला गेलेला प्रत्येक अवशेष दुसऱ्याच प्राण्याचा निघाला. दुसरा, दावा असा असावा की तो चुकीचा ठरण्याचीही शक्यता राहील. ‘अमुक डोंगराच्या पायथ्याशी, अमुक ऋतूत, अमुक प्रकारच्या झाडावर’ हे विधान जाऊन पडताळता येते. ‘तो माणसाची चाहूल लागताच नाहीसा होतो’ या विधानाला मात्र कोणतीही मोहीम खोटे ठरवू शकत नाही व म्हणूनच कोणतीही मोहीम खरेही ठरवू शकत नाही. तिसरा, आपल्याला सोयीच्या पुराव्याचीही तितकीच कसून तपासणी झाली पाहिजे. खोटी चिठ्ठी उघडी पाडल्यामुळे वनपिंगळ्याच्या अस्तित्वाचा एक दाखला कमी झाला, परंतु पक्षी सापडण्याचा मार्ग मोकळा झाला. चौथा, स्थानिक लोकांच्या माहितीला साक्षीचे मोल दिले पाहिजे, पण त्यांच्या धर्मकथांना प्राणिशास्त्रीय कबुलीजबाब मानू नये.

वाघांच्या गणनेसाठी भारतातील जंगलांत आता मोठ्या प्रमाणावर स्वयंचलित कॅमेरे लावले जातात. त्यांत बिबळे, अस्वले, रानकुत्रे यांच्याबरोबर रात्री हिंडणारी लहान जनावरेही टिपली जातात. माणसाएवढा वा त्याहून मोठा अज्ञात वानर त्यांतून सतत निसटत राहील ही शक्यता दिवसेंदिवस कमी होत आहे. लहान, परिचितासारखे दिसणारे व म्हणूनच दुर्लक्षित राहिलेले जीव मात्र यापुढेही सापडत राहतील.

संरक्षण : एखादा प्राणी नाही असे मानणे आणि आहे असे सिद्ध होणे यांतील अंतराला व्यावहारिक परिणाम असतात. नामशेष समजल्या गेलेल्या पक्ष्यासाठी जंगल राखून ठेवले जात नाही. वनपिंगळ्याचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. नवनवी ठिकाणे आढळल्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ असा केला. तथापि त्याची संख्या अल्प व विखुरलेली आहे. वृक्षतोड, शेतीसाठी होणारे अतिक्रमण, वणवे, तापी खोऱ्यातील प्रस्तावित जलप्रकल्पांमुळे बुडिताखाली जाऊ शकणारे वनक्षेत्र आणि घुबडाविषयीच्या अंधश्रद्धेतून होणारी हत्या ही त्याच्यापुढील मुख्य संकटे होत. ढोली असलेले जुने वृक्ष राहिले तरच त्याची वीण होते. यती नसल्याचे सिद्ध झाल्याने हिमालयाचे काही उणे झाले नाही. परंतु मेळघाटातील जुने साग व त्यांतील ढोली गेल्या, तर एकदा नाहीसा समजून पुन्हा सापडलेला हा पक्षी दुसऱ्यांदा सापडेलच असे नाही.